गोदाताईंच्या बुटांचे तीन जोड

आंबिवली मागे पडली आणि गोदाताई बोलायच्या थांबल्या. तेवढ्यावरून नंदाला कळलं की पाय पुन्हा दुखायला लागले आहेत. एरवी गोदाताई गप्प बसण्यातल्या नव्हेत. पहाटे ठाकुर्लीहून निघाल्यापासून पत्रीपुलापर्यंत त्यांनी एक सून, दोन विहिणी आणि सोसायटीचा सेक्रेटरी एवढ्यांचा समाचार घेतला होता. शहाडला उपवासाचा चहा घेताना टपरीवाल्याला त्याच्या चहात आलं नसून फक्त आल्याची आठवण आहे, हे पटवून दिलं होतं. आणि आता गेली दहा मिनिटं नुसता बुटांचा आवाज येत होता.

"टाच का?" नंदाने विचारलं.

"टाच गप हाय," गोदाताई म्हणाल्या. "फुडं दुकतंय."

"पुढे म्हणजे कुठे?"

"फुडं म्हंजे फुडं. बुटात."

नंदाला काही उलगडेना. बूट घेतले टाचेसाठी. टाच गप्प बसली म्हणजे बुटांनी काम केलं. मग हे पुढचं दुखणं कुठून आलं? आणि हे काही पहिले बूट नव्हते. आठ महिन्यांतला हा तिसरा जोड, आणि प्रत्येक जोडाची हीच रड.

मागून एक रिक्षा हळू झाली. "टिटवाला, टिटवाला. दोन सीट, मावशी."

गोदाताईंनी मानही वळवली नाही. रिक्षावाला थोडा वेळ त्यांच्या चालीने चालला, मग कंटाळून निघून गेला.

आजची संकष्टी अठरावी होती. एकूण एकवीस करायच्या होत्या, टिटवाळ्याच्या गणपतीपर्यंत चालत, एकही न चुकवता. मध्ये खंड पडला तर पुन्हा एकपासून. हा नियम कुण्या गुरुजींनी घातलेला नव्हता, गोदाताईंनी स्वतःच घातलेला होता, आणि स्वतः घातलेल्या नियमातून माणसाची सुटका नसते. नंदाला तो नियम पाठ होता, कारण तो केला तेव्हा ती शेजारीच बसलेली होती.

दीड वर्षापूर्वी गोदाताईंच्या यजमानांचं, काळुरामभाऊंचं, ठाण्याच्या एका इस्पितळात हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सह्या घेताना जे जे सांगितलं त्यातलं निम्मं कुणालाच समजलं नाही. मुलगा प्रफुल्ल औषधांच्या खिडकीपुढे उभा होता. बाहेरच्या बाकावर गोदाताई, त्यांची नणंद कलावती आणि नंदा अशा तिघी. साडेपाच तास आतून कुणी बाहेर आलं नाही. तेव्हा गोदाताईंनी हात जोडले आणि भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बघत, भाजीचा भाव ठरवावा तशा आवाजात म्हणाल्या, "यांना घरी आन. मी एकवीस संकष्ट्या चालत येईन. खंड नाय पारायची." नंदाच्या तोंडून आपसूकच निघून गेलं, "मी सोबत येईन." देवाला असं मोठ्याने सांगायची नंदाला सवय नव्हती. ती मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणणारी बाई. पण गोदाताईंच्या शेजारी बसलं की माणूस थोडं मोठ्याने बोलायला लागतं.

काळुरामभाऊ घरी आले. आता ते रोज संध्याकाळी गेटवर खुर्ची टाकून बसतात आणि डॉक्टरांनी बंद केलेल्या सुक्या बोंबलांची आठवण काढतात.

गोदाताईंचं सासर ठाकुर्लीजवळच्या चोळे गावातलं. जिथे आज त्यांची चार मजली इमारत आहे तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. माहेर खाडीकडचं, मिठागरावरचं. लहानपणी आईबरोबर मीठ ओढलं, लग्नानंतर पस्तीस वर्षं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन कल्याणच्या बाजारापर्यंत चालल्या, बहुतेक वेळा अनवाणी. मग जमिनीला सोन्याचा भाव आला, बिल्डर आला, इमारत उभी राहिली, तिच्यावर सासऱ्यांचं नाव लागलं: भिवा निवास. गोदाताई फ्लॅटच्या मालकीण झाल्या. पायांना मात्र हे कुणी सांगितलं नाही. टाचांना भेगा तशाच, तळवा भाकरीसारखा सपाट, आणि चाल अशी की डोक्यावर अजून पाटी आहे आणि ती पडता कामा नये.

नंदा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आली त्याला बावीस वर्षं झाली. ती मूळची संगमेश्वरकडची, इथल्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात हिशेबनीस होती, आता निवृत्त. सहा वर्षांपूर्वी तिचे मिस्टर गेले तेव्हा गोदाताई तेरा दिवस रोज सकाळी डबा घेऊन वर यायच्या, डबा ओट्यावर ठेवायच्या आणि नंदा जेवेपर्यंत समोर बसून राहायच्या. एक शब्द सांत्वनाचा बोलल्या नाहीत. "मीठ बरोबर हाय ना?" एवढंच विचारायच्या. तेव्हापासून नंदाला त्यांच्या कुठल्याही कामाला नाही म्हणता आलं नव्हतं, आणि म्हणावंसंही वाटलं नव्हतं.

नवव्या संकष्टीनंतर गोदाताईंची टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की बाभळीचा काटा शिरावा तशी कळ. आधी त्यांनी गरम विटेने शेकलं, मग रुईचं पान बांधलं, मग नंदाने त्यांना डोंबिवलीतल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी टाच दाबून बघितली, फोटो काढला आणि म्हणाल्या, "आजपासून घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. चपलाही नकोत. रनिंगचे बूट घ्या. मऊ हवेत, पण पायाला आधार देणारे."

"रनिंगचे?" गोदाताईंनी नंदाकडे बघितलं. "मी कुटं पलतेय?"

"तुम्ही पळू नका आजी. बूट फक्त पळायचे घ्या."

खाली उतरताना गोदाताई जिन्यात थांबल्या. "नंदा, मऊ बी पायजे आनि आधार बी पायजे. मऊ गादीला कदी आधार असतो का गो? ही बाई काय बोलली तुला कल्लं?"

नंदाने "कळलं ना" म्हणून टाकलं. तिला कळलं नव्हतं.

पहिला जोड नातीने मागवला. ऋतिका कॉलेजात जाते आणि तिच्या मते जगातला कुठलाही प्रश्न मोबाइलवर चार तारे बघून सुटतो. "आजी, एकदम सॉफ्ट आहेत, ढगावर चालल्यासारखं वाटतं, बाराशे लोकांनी लिहिलंय." खोक्यातून गुलाबी बूट निघाले, तळ हा एवढा जाड. गोदाताईंनी पाव ताजा आहे का बघावं तसा अंगठ्याने तळ दाबला. अंगठा आत गेला. घालून बघायच्या आधी त्या आत जाऊन मोजे चढवून आल्या आणि मग गॅलरीतून दोन फेऱ्या मारल्या.

"कसं वाटतंय?" ऋतिकाने विचारलं.

"भाताच्या आवनीच्या चिखलात चालल्यासारखं. पाय जातो, पन कुटं जातो त्याचा पत्त्या नाय. आनि फुडं टोचतंय."

"मग एक साइझ मोठा घेऊ."

एक नंबर मोठा आला. त्यात पुढे जरा कमी टोचायचं पण टाच सुटून वरखाली व्हायची. टाच वरखाली व्हायची म्हणून गोदाताईंनी मागे कापूस भरला. कापसाने टाच घासली गेली. दोन संकष्ट्या त्या बुटांत झाल्या, आणि दुसऱ्या वेळी परतताना टाचेच्या जुन्या दुखण्यावर नवीन फोड येऊन बसला होता. काळुरामभाऊ गेटवरून म्हणाले, "ढगावरनं परली वाटतं."

दुसरा जोड डोंबिवलीत स्टेशनच्या बाजूच्या एका जुन्या दुकानातला. तिथले म्हातारे मालक ऋतिकाच्या गुलाबी बुटांकडे बघून हळहळले. "मऊपणावर जाऊ नका वहिनी. मऊ बूट बघायला बरा. आधार महत्त्वाचा." त्यांनी एक बूट दोन्ही हातांत धरून वाकवून दाखवला. "हा बघा, मधून घडी पडतेय, चपातीसारखी. हा वाईट. आता हा बघा. फक्त पुढे वाकतो, जिथे बोटं वाकतात तिथे. मधे ताठ. मागे टाचेची वाटी घट्ट. हा चांगला."

गोदाताईंना हे पटलं. वाकवून बघता येतं, म्हणजे यात फसवणूक नाही. घालून बघितल्यावर टाचेला बरं वाटलं, पण चेहरा पुन्हा तसाच. "फुडं टोचतंय."

मालकांनी बोटांपुढे दाबून बघितलं. "जागा आहे की. अंगठ्याएवढी जागा आहे."

"जागा हाय. तरी टोचतंय."

मालकांनी पुरुषांचा बूट काढला, रुंद तोंडाचा. तोही टोचला. त्याहून मोठा काढला. तो कमी टोचला, पण टाचेची वाटी इतकी मोठी झाली की तिचा आधार टाचेपर्यंत पोचेचना. शेवटी हो-ना करता करता तोच घेतला, काळा, प्रफुल्लच्या मापाचा. त्या संध्याकाळी नंदाने आपल्या छोट्या डायरीत लिहून ठेवलं: मऊ नको. आधार हवा. मधे वाकू नये. पुढे अंगठाभर जागा. आणि खाली लिहिलं: जागा असूनही टोचते, का? पुढे तिने गणपतीच्या नावाने एक श्री काढला आणि डायरी मिटली.

त्या काळ्या बुटांत पाच संकष्ट्या निघाल्या. म्हणजे कशा निघाल्या ते नंदालाच ठाऊक. शेवटच्या वेळी देवळाच्या रांगेत गोदाताई भिंतीला हात लावून उभ्या होत्या, आणि गोदाताई कधी कशाला हात लावून उभ्या राहिलेल्या नंदाने बघितल्या नव्हत्या.

मग प्रफुल्लने मनावर घेतलं. एका दुपारी त्याने दोघींना ठाण्याच्या एका मोठ्या बुटांच्या दुकानात जायला गाडीने खोपटपर्यंत नेलं. तिथे एस.टी. डेपोजवळ त्याला कुणाला भेटायचं होतं, म्हणून पुढे रिक्षा करून दिली. ठाण्यातलं ते दुकान म्हणजे नंदाला आधी दवाखानाच वाटला. पांढरे दिवे, पांढऱ्या भिंती, बूट काचेवर एकेक मांडलेले, देवघरात टाक मांडावेत तसे. विनीत नावाचा एक मुलगा पुढे आला. चांगला वळणाचा, आजी-आजी करून बोलणारा.

"आधी पाय मोजू. मोजे काढून या काचेवर उभ्या राहा."

"मोजं नाय काढायची," गोदाताई म्हणाल्या.

"आजी, मशीनला पाय दिसायला पाहिजे."

"मोज्यात पन पायच हाय. दुसरं काय नाय."

विनीत हसला आणि म्हणाला, ठीक आहे. नंदाला वाटलं भेगांची लाज वाटत असेल, आणि तिनेही जोर केला नाही. पडद्यावर लाल-पिवळे डाग उमटले. तो दाखवत गेला: हा पाय सपाट आहे, मधली कमान नाही, म्हणून चालताना पाय आत कलतो, त्याला असं असं म्हणतात. तो इंग्रजी शब्द नंदाने डायरीत लिहायचा प्रयत्न केला, दोनदा विचारला, आणि तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून जागा कोरी सोडली.

"मग आजींना मऊ पाहिजे का कडक?" तिने विचारलं.

"मऊच. पण आतल्या बाजूने जरा घट्ट."

"म्हणजे कडक."

"नाही काकू. मऊ. फक्त आतून सपोर्ट."

"पण तिकडे डोंबिवलीत म्हणाले की मऊपणावर जाऊ नका."

"बरोबर आहे त्यांचं."

"आणि तुम्ही म्हणताय मऊ."

"माझंही बरोबर आहे," विनीत म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती.

त्याने सहा खोकी आणली. चालत्या पट्ट्यावर चालून बघा म्हणाला. गोदाताईंनी आवणीला उतरताना खोचतात तसा पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि पट्ट्यावर उभ्या राहिल्या. पट्टा सुरू झाला. दुकानातले चार-सहा जण बघायला लागले. गोदाताई समोरच्या भिंतीकडे बघत, डोक्यावरची पाटी सांभाळत चालत राहिल्या.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या. "चालायचं आनि कुटं पोचायचं नाय."

पाचवा बूट टाचेला लागू पडला. टाच जशी कुणी ओंजळीत धरली आहे, असं त्या म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. मग विनीतने विचारलं, "आणि बोटं?"

"बोटांचं सोर," गोदाताई म्हणाल्या. "हेच द्या."

विनीत बिल करायला निघाला तशा त्या म्हणाल्या, "पन आज नाय. आज शनवार. शनवारी पायतान घरात नाय आनायचं."

"आजी, मग दीड तास ट्रायल कशाला घेतली?"

"बघायला शनवार चालतो."

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल जाऊन बूट घेऊन आला. करडे, निळ्या पट्ट्याचे. आजची संकष्टी ही त्या बुटांची पहिली.

बल्याणीच्या अलीकडे एक बंद गॅरेज होतं. त्याच्या ओट्यावर नंदाने त्यांना बसवलं. म्हणजे बसा म्हणाली, आणि गोदाताई वाद न घालता बसल्या. मार्गशीर्षातलं ऊन अजून कोवळं होतं. रस्त्याच्या पलीकडे कापलेल्या शेतात बगळे उतरले होते आणि त्यांच्या मागे वीस मजल्यांचा एक टॉवर अर्धवट उभा होता. देऊळ अजून तासाभरावर. गोदाताईंच्या या चालीने दीड तास.

"बूट काढा," नंदा म्हणाली.

"काढला तर घालवनार नाय."

"काढा म्हणते ना मी. आणि मोजेपण."

गोदाताई तिच्याकडे बघत राहिल्या. नंदा हट्ट करणारी बाई नव्हे, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी वाकून नाडी सोडली, बूट काढला, आणि मोजा हळूहळू सोलावा तसा उतरवला. मोज्याच्या टोकाला रक्ताचा डाग होता.

पायाच्या दुसऱ्या बोटात जाड चांदीचं जोडवं होतं. जुन्या घडणीचं, चांगलं वजनदार, बोटात असं रुतलेलं की दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. त्याच्या घासण्याने अंगठ्याची कड आणि तिसरं बोट सोलवटून लाल झालं होतं. दुसऱ्या पायाचंही तेच. मऊ, कडक, सपाट, कमान, आतून आधार, अंगठाभर जागा, सगळं नंदाच्या डोक्यातून एकदम गरागरा फिरून गेलं. बावीस वर्षं ती हे पाय बघत होती. ही जोडवी तिने हजारदा बघितली होती. आणि आठ महिन्यांत एकदाही तिच्या मनात आलं नाही की बुटाच्या आत पायाबरोबर तीही जातात.

"ताई, अहो ही जोडवी टोचतायत."

"म्हाइत हाय."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्या डोंबिवलीच्या दुकानापासनं."

"मग ठाण्याच्या त्या मुलाला सांगायचं होतंत. मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू काय बोलली असतीस?"

"काढा म्हणाले असते."

"म्हनून नाय सांगितलं."

एक टेम्पो धूळ उडवत गेला. गोदाताईंनी पदराने तोंड पुसलं आणि पायाकडे बघत बोलायला लागल्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आवणीत चिखलात बोटं सुजली म्हणून त्यांनी जोडवी काढून बांधावर ठेवली होती. संध्याकाळी बघितलं तर एकच. सासू, सखुबाई, एक शब्द बोलली नाही. फक्त तीन दिवस ती आणि घरातली सगळी माणसं ते खाचर हातांनी चाळत होती. लावलेली रोपं उपटून पुन्हा लावली. जोडवं मिळालं नाही. मग सोनाराकडून त्या एकाला जोड करून आणला.

"ही बघ," त्या म्हणाल्या. "डावं जरा हलकं हाय. कुनाला कलत नाय. मना कलतं. त्या दिवसापासनं मी आपल्या हातानं काढली नाय. आनि तरी बघ, त्या दिवशी हास्पिटलात तू पानी आनायला गेलेली तवा कलावती काय बोलली. बोलली, वयनी, तवाच हरवलं होतं ना एक. चालीस वर्सं झाली, तिनं जपून ठेवलेलं."

"कलावतीताईंचं काय मनावर घेता."

"मी नाय घेत. पन ऐकलं ना कानानं. आता यांच्यासाठी चालायचं आनि चालायसाठी यांची जोडवी काढायची. हे काय हाय, तू शिकलेली, तूच सांग मना."

नंदा शिकलेली होती, पण शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने एकेक वाट बघितली. अनवाणी जावं तर टाच जाते आणि डॉक्टरीणबाईंनी हातच जोडले होते. चप्पल घरी. नंदाच्या सँडलमध्ये गोदाताईंचा अर्धाच पाय मावेल. बूट पुढून कापावा तर कात्री नाही. समोर आणखी एक रिक्षा हळू झाली, "मावशी, टिटवाला," आणि नंदाच्या मनात आलं की बसावं आणि जावं, गणपतीला काय कळत नाही का? पण मग सतरा वेळा जे चाललो ते गोदाताईंच्या हिशेबी पुसलं जाईल, आणि काळुरामभाऊंना उद्या साधा खोकला झाला तरी या बाईला वाटेल की आपण रिक्षात बसलो म्हणून. ती मनात म्हणाली, बाप्पा, मला काही कळत नाही, तू बघ. यापेक्षा चांगली प्रार्थना तिला त्या क्षणी जमली नाही.

"ताई," ती म्हणाली, "एक तास. फक्त देवळापर्यंत. तिथे पोचलं की पायरीवर बसून परत घाला. ज्याच्याकडे चालताय तो तर बघतोयच."

गोदाताईंनी पूजेची पिशवी ओढली आणि तेलाची बाटली काढली.

"ते दिव्याचं आहे," नंदा म्हणाली.

"दिवा जरा कमी जलंल."

त्यांनी बोटाला तेल चोळलं आणि डोळे मिटून जोडवं फिरवायला लागल्या. ओठ हलत होते. नंदाने दुसरीकडे बघितलं, जणू कुणी कपडे बदलत आहे. उजवं निघायला वेळ लागला. डावं त्यामानाने लवकर निघालं. जिथे ती इतकी वर्षं बसली होती तिथे बोटावर एक पांढरी, नाजूक चकती राहिली होती, तान्ह्या बाळाच्या कातडीसारखी.

गोदाताईंनी मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. उठून दोन पावलं चालल्या. वळल्या, पुन्हा दोन पावलं आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघही नव्हती आणि आनंदाचीही नव्हती. विनीत बिचारा बरोबर होता, डोंबिवलीचे मालकही बरोबर होते, इतकंच नंदाला समजलं.

जोडवी गोदाताईंच्या मुठीत होती. नंदाने पर्समधून धुतलेला रुमाल काढून उलगडला. "द्या, यात बांधते. अगदी आतल्या कप्प्यात ठेवते."

मूठ उघडली नाही.

"रुमालात नाय," गोदाताई म्हणाल्या. "प्रफुल्लच्या वेलेला माजे पाय सुजले, तवा सासूनं जोडवी काढली ती डब्यात नाय ठेवली. कलावतीच्या पायात घातली. सव्वा महिना कलावतीनं वापरली. जोडवी घरातल्या एका बाईच्या पायातनं निगाली की दुसरीच्या पायात जायाची, मग ती काढल्यासारकी होत नाय. असं सासू बोलायची."

नंदाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिने नकळत आपली पावलं साडीखाली ओढून घेतली. तिच्या सँडलच्या पट्ट्यांतून तिची बोटं दिसत होती, सहा वर्षांची मोकळी.

"ताई, मी कशी घालू?"

"बोटात घालायची."

"तसं नाही. मी... तुम्हाला माहीत आहे. कलावतीताईंनी ऐकलं तर काय म्हणतील? बाकी कोणी राहू द्या. भाऊंसाठीची ही जोडवी. माझ्या पायात चालतील का ती?"

"कलावती सतरा वेला चालली का हितं?" गोदाताईंनी विचारलं. "त्या बाकावर सोबत येईन कोन बोललं? पावसात छत्री कुनी धरली? मना दुसरी बाई म्हाईत नाय."

"पण ताई, शास्त्र..."

"शास्त्र मना बी कलत नाय, तुला बी कलत नाय. दोगी सकालपासनं न कलताच चालतोय."

त्या पुन्हा ओट्यावर येऊन नंदाच्या शेजारी बसल्या. मूठ उघडून तळहात पुढे केला. तेलाने माखलेली दोन्ही जोडवी उन्हात चमकत होती, आणि आता शेजारी-शेजारी ठेवल्यावर नंदालाही दिसत होतं की एक दुसऱ्यापेक्षा किंचित बारीक आहे.

"नंदा बाय," गोदाताई म्हणाल्या, आणि इस्पितळातल्या बाकावर होता तोच आवाज, "माज्यासाठी एवरं कर. देवल येईस्तोवर तू घालून चाल."